गिरजाबाईचा डबा

घमापुर, जबलपूर
८ नोव्हेंबर २०२५

दादा,

जय भीम. फोनवर मी बोलायला लागली की तू "हं, हं" करतो आणि ठेवून देतो. परवा तर म्हणाला, कुसुम, तुझं बोलणं कानाला टोचते, काय सांगायचं ते लिहून डब्यात टाकत जा. घे मग. आता वाच. कागदात "हं" करायची सोय नाही.

आज रात्रीला वांग्याची भाजी आहे शेंगदाण्याचा कूट लावून, तुरीचं वरण, ज्वारीच्या भाकरी, आणि वरच्या पुडीत ठेचा. पाचच्या कुंडम बसमध्ये कंडक्टरजवळ देऊन राहिली, तुझ्या ताटात पडेपर्यंत कोमट तरी राहील. वहिनी गेल्यापासून दोन वर्षं झाली, हे करून राहिली मी. एक दिवस तरी म्हणशील की कुसुम, भाजी चांगली झाली? मास्तरकी सुटली पण चुका काढणं सुटलं नाही.

आमच्या घरी आज काय शिजलं ते ऐक. सूनबाईंनी पनीर केलं. एकता पनीर करते म्हणजे टमाटर मिक्सरमधून काढते, त्यात साखर घालते, वरून मलाई. मीठ इतकं कमी की मी वरून दोनदा घेतलं. तिखट तर नावाला नाही. हे आजाऱ्याला द्यायचं की जावयाला, तेच कळत नाही बाप्पा! तीन पोळ्या कशातरी उतरवल्या मी. अश्वजीत फॅक्टरीतून येतो आणि सलाद खातो. काकडी कापून ठेवली आणि तिला जेवण म्हटलं, झालं! माझा मुलगा बकरीसारखा चावत बसतो आणि म्हणतो, मम्मी, वजन कमी करायचं आहे. शेजारची पूर्णिमा तर त्याहून वर. रोज रात्री ठेल्यावरचं चाऊमीन. परवा मलाही दिलं वाटीभर. सोडा आणि मीठ, मीठ आणि सोडा. जीभ चरचर करत होती सकाळपर्यंत.

आता मुद्द्याचं. कोणाचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही आईची शिकवण. तू पाळतो, चांगलं आहे. पण भरून काय पाठवतो? कोदोचा भात म्हणे, भरड धान्याचा! राखेसारखा रंग. त्यावर ती कुळथाची दाळ, चिखल बरा दिसेल. आणि वास असा की धुराड्यात बसून शिजवली. सरकारची पेन्शन खाणाऱ्या माणसाच्या घरचं जेवण आहे हे? आणि हे शिजवते कोण, ते सांग आधी. तुला चहा करता येत नाही हे मला माहीत आहे. डब्यावर आईचं नाव कोरलेलं आहे, "गिरजाबाई" म्हणून. त्यात काहीबाही भरून पाठवत जाऊ नको.

कुसुम


कुंडम
११ नोव्हेंबर

प्रिय कुसुम,

जय भीम. डबा मिळाला. भाजीवर तेल एवढं होतं की वांगं शोधावं लागलं. ते तेल वाटीत काढून ठेवलं आहे, फाटकाची बिजागरी कुरकुरते, तिला लावीन. ठेचा खाल्ल्यावर दोन्ही कान बंद झाले. बरं झालं, त्याच वेळी तुझा फोन वाजत होता म्हणे.

एकताच्या पनीरला नावं ठेवतेस आणि तीन पोळ्या खातेस. नावं ठेवायचीच तर उपाशी राहून ठेव, म्हणजे तिला तेवढा आराम. पूर्णिमाचं चाऊमीनही वाटीभर संपवलंस असं दिसतं. तुझ्या तोंडून सुटलेला पदार्थ या जगात नाही, पोटातून सुटलेलाही नाही.

मी आज रात्री काय खाल्लं, विचारलं नाहीस तरी सांगतो. कोदोसारख्याच कुटकीची पेज, कुळथाची दाळ, आणि चुलीत भाजलेल्या लहान आंबट टमाटरची चटणी. अंगणात बसून खाल्लं. नंतर दोन्ही ताटं मी स्वतः घासली. माझी शुगर खाली आली आहे. डॉक्टर म्हणाला, गुरुजी, काय खाता ते कागदावर लिहून द्या, दुसऱ्यांना सांगतो. तुझ्या वांग्याचं नाव मी त्यात घातलं नाही.

शिजवतं कोण, हे तुला कशाला पाहिजे? शिजतं. डबा भरून पाठवला आहे. दाळ दिसायला चिखल असेल, तर डोळे मिटून खा.

तुझा दादा
भैयालाल


घमापुर
१६ नोव्हेंबर

दादा,

दोन ताटं काहून?

पत्र वाचलं आणि तिथेच अडकली मी. एकट्या माणसाला दोन ताटं कशाला लागतात? कंडक्टरला विचारलं. तो हसायला लागला. म्हणे, "अम्मा, आपको नहीं पता? गुरुजी के यहाँ तो सुकवारो बाई खाना बनाती हैं। शाम को दोनों आँगन में बैठकर खाते हैं, पूरा कुंडम जानता है।" पूर्ण कुंडमला माहीत आहे, फक्त मी गाढव डबे भरून राहिली!

सुकवारो म्हणजे तीच ना, तुझ्या शाळेत पोरांसाठी खिचडी शिजवायची ती? मी पाहिली आहे तिला वहिनीच्या वेळी. कोपऱ्यात उभी होती, हातभर गोंदण, पायात चप्पल नाही. वाह गुरुजी! विहारात उभा राहून तास तास भाषण देतो तू, शिका म्हणून, पुढे चला म्हणून. आणि स्वतः कुठे पोहोचला? शाळेच्या चुलीपाशी. आपल्या समाजात बायका संपल्या होत्या का? भंडाऱ्याच्या विनताने स्वतः निरोप पाठवला होता, रेल्वेतून रिटायर झालेली, स्वतःचा फ्लॅट. तिला तू नाही म्हणाला, या वयात लग्न शोभत नाही म्हणून. मग हे शोभते? जंगलातली बाई, तिच्या हातची पेज!

तरीच म्हटलं, डब्यात ते काळं-भुरं काय येते. आजचाही तसाच. झाकण उघडलं तर सगळ्या खोलीत धूर. एकता म्हणाली, आई, खिडकी उघडू का? मी म्हटलं, दारच उघड.

एकवीस डिसेंबरला आईचा स्मृतिदिन आहे. भंतेजींना सांगून ठेवलं आहे, समाज जेवायला येईल, दरवर्षीसारखा. तू ये. एकटा ये. त्या बाईचं नाव माझ्या अंगणात निघायला नको. लोक मला विचारतील, मी काय सांगू? की माझा भाऊ आता कोणाच्या हातचंही खातो?

कुसुम


कुंडम
२० नोव्हेंबर

कुसुम,

हो. सुकवारो.

कंडक्टरकडून अर्धं ऐकलंस, बाकीचं माझ्याकडून घे. तुझी वहिनी गेल्यावर तुझा डबा यायचा त्या दिवशी मी जेवायचो. बाकीच्या रात्री चहात बिस्किट बुडवायचो आणि झोपायचो. तुला सांगितलं नाही, कारण तू रोज डबा पाठवला असतास आणि मी तेलाने मेलो असतो. गेल्या पावसाळ्यात सुकवारो फाटकाशी आली. तिचा नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पोरगी सासरी. तिने विचारलं, "गुरुजी, आज का खाए हो?" मी म्हणालो, जेवलो. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, घरी गेली, पेज घेऊन आली. मी खाल्ली. ती दुसऱ्या दिवशीही आली. तिसऱ्या दिवशी मी दोन ताटं मांडली.

एवढंच आहे. मी पेपर वाचून दाखवतो, ती ऐकते आणि बातमीतल्या माणसांना मूर्ख म्हणते. बहुतेक वेळा तिचं बरोबर असतं. ती माझ्यापेक्षा कमी बोलते. तुझ्याशी तर तुलनाच नको.

भंडाऱ्याच्या विनताबाईंना मी नाही म्हणालो, कारण त्यांनी पहिल्याच फोनवर मला माझी पेन्शन विचारली. लग्न या वयात शोभत नाही हे मी खोटं बोललो. शोभतं. जानेवारीत आम्ही जबलपूरला येऊन नोंदणी करणार आहोत.

"कोणाच्या हातचंही खातो" असं तू लिहिलंस. ते वाक्य मी तीनदा वाचलं. तुझ्या हातून ते कसं लिहिलं गेलं, याचं मला नवल वाटून राहिलं आहे. जरा विचार कर, हे वाक्य आपण आधी कोणाच्या तोंडून ऐकत होतो.

स्मृतिदिनाला आम्ही दोघं येऊ, आणि तिने शिजवलेलं एक भांडं पंगतीत राहील. नाहीतर दोघंही येणार नाही. आजच्या डब्यातही तिनेच शिजवलं आहे. पावसाळ्यापासूनचं सगळं तिचंच होतं.

भैयालाल


घमापुर
२२ नोव्हेंबर

भैयालालजी,

डबा परत पाठवून राहिली. रिकामा आहे. चांगला घासून, पुसून, वाळवून दिला आहे.

इथलं जेवण आता तिकडे येणार नाही. तिकडचं इकडे नको. आईचा दिवस मी एकटी करीन, मला कोणाची गरज नाही.

कुसुम


कुंडम
२५ नोव्हेंबर

कुसुम,

कंडक्टरने डबा दिला तेव्हा तो हातात हलका लागला. उघडायची गरज पडली नाही.

डबा रिकामा परत करू नये, हे आईने शिकवलं. तुला वाटतं तो शिष्टाचार आहे. बायका साखर घालतात, गूळ घालतात, तसं काहीतरी. आईने तुला कारण सांगितलं नाही. मलाही सांगितलं नाही. पण मी तिथे होतो.

तू कडेवरची होतीस. आपण घमापुरात नवे होतो, बाबा नुकतेच फॅक्टरीत लागले होते. समोरच्या घरी सुनेला मुलगा झाला. आईने वडाभात केला, सणाला करायची तसा, आणि हाच डबा भरून घेऊन गेली. मी तिचा पदर धरून होतो. त्या घरच्या बाईने डबा घेतला, हसून घेतला. आणि आम्ही फाटकाबाहेर येईपर्यंतही धीर धरला नाही. दारात गाय बांधलेली होती. सगळा भात तिच्यापुढे उपडा केला. आई वळून पाहत उभी राहिली. संध्याकाळी डबा आपल्या पायरीवर होता. हातात नाही दिला. घासून, पुसून, वाळवून ठेवला होता. रिकामा.

आई त्या रात्री जेवली नाही. सकाळी म्हणाली, आपल्या दारातून कोणाचा डबा असा जाणार नाही. बस. पुन्हा कधी त्या गोष्टीचं नाव काढलं नाही.

आता दुसरं. तुझी सगळी पत्रं मी काल पुन्हा वाचली. मास्तर आहे, पेपर तपासायची सवय. एकताच्या पनीरमध्ये मीठ किती ते तुला माहीत. पूर्णिमाच्या चाऊमीनमध्ये किती ते माहीत. तू जे खातेस त्याच्या मिठाची चूक काढल्याशिवाय राहत नाहीस, लहानपणापासून. सुकवारोच्या दाळीचा रंग तू लिहिलास, वास लिहिलास. मिठाबद्दल एक शब्द नाही. इतके डबे आले, एकदाही नाही. तिचं नाव कळायच्या आधीपासून नाही.

तू चाखलंच नाहीस. मग ते जायचं कुठे, कुसुम? तुमच्या गल्लीतही गाय येते ना संध्याकाळी?

मला तुझी कीव येते. रागही येतो, पण कीव जास्त. डबा माझ्याजवळ राहील. आईचा दिवस आम्ही इथे करू.

भैयालाल


घमापुर
८ डिसेंबर

मामाजी,

जय भीम. मी एकता. मला मराठी समजते पण लिहायला जमत नाही, तो माफ करना. आईंना माहीत नाही की मी लिहून राहिली आहे.

तुमचं पत्र आईंनी किचनमध्ये उभ्या उभ्या वाचलं. गॅस चालू होता, भाजी पूर्ण जळून गेली. मी धावत आली तर म्हणाल्या, राहू दे, जळू दे. फिर अपने कमरे में चली गईं.

मामाजी, तेव्हापासून त्या माझ्या जेवणाला काहीच म्हणत नाहीत. मी रोज घाबरून राहिली. पहिले दोन दिवस अच्छा वाटलं, सच बोलती हूँ. पण काल मी मुद्दाम दाळीत मीठ टाकलंच नाही, बघायला. अश्वजीतने पहिल्या घासाला तोंड वाकडं केलं. आई चुपचाप खाऊन उठल्या. मला रडू आलं.

गाय वाली बात सच आहे. डबा आला की हर बार तिलाच द्यायच्या. एकदा मी आधीच थोडं वाटीत काढून ठेवलं होतं, फ्रिजच्या मागे उभी राहून खाल्लं. अच्छा होता, एकदम. हे आईंना सांगू नका.

रोज पाच वाजता त्या पर्स घेऊन खाली जातात आणि तशाच परत येतात. बस येते, जाते. कंडक्टर हात हलवतो. चलो, आता बंद करते. मामाजी, डबा भेज द्या ना प्लीज.

आपकी एकता


कुंडम
१२ डिसेंबर

कुसुम,

हा डबा मी भरलेला नाही. मी नको म्हणत होतो. सुकवारोला मी सगळं वाचून दाखवलं, तुझं एकही वाक्य गाळलं नाही. ती हसली नाही, रागावली नाही. म्हणाली, "बर्तन घर में आ गओ है, तो खाली कैसे धरे रहें?" आणि चूल पेटवायला गेली.

पुढचं तू आणि तुझी गाय पाहून घ्या.

भैयालाल


घमापुर
१३ डिसेंबर

दादा,

जय भीम. डबा आला. तू भरला नाही हे तू न सांगताही कळलं असतं. तुला गाठ मारता येत नाही. तुझा फडका नेहमी बसमध्येच सुटायचा. ही गाठ सोडवायला मला दात लावावे लागले.

तुझी गाय आली होती. वेळेची पक्की आहे मेली, पाच वाजले की फाटकात डोकं. मी म्हटलं, जा, पूर्णिमाच्या दारात जा, चाऊमीन खा. ती काही हलेना. मग एकताला सांगितलं, दार लावून घे आणि मला ताट वाढ. एकता तिथेच माझ्या तोंडाकडे पाहत उभी. तिला म्हटलं, काय तमाशा आहे का, तूही बस.

अश्वजीतही आला. सलाद बाजूला ठेवून बसला. तिघं जेवलो.

आता खरं सांगते. कोदोचा पहिला घास घशात अडकला. पाण्याने ढकलला. दुसरा नीट गेला. तिसरा मी हळू खाल्ला, कारण तो वास. इतके दिवस धूर धूर म्हणून मी नावं ठेवली. दादा, आईच्या जेवणाला हाच वास होता. चुलीचा. ती तांदळाच्या कण्या शिजवायची, वर लाल मिरची, आणि आपण दोघं भांड्यात हात घालून भांडायचो. मी ते विसरली. गॅस आला, कुकर आला, आणि धूर म्हणजे दुसऱ्याच्या घरचा वाटायला लागला. मला लाज वाटली. खूप वाटली. समोरच्या घरच्या बाईसारखं मी केलं, तेही आईच्या नावाच्या डब्यासोबत. एवढं एकदा लिहिते. पुन्हा लिहिणार नाही, तू हे पत्र सांभाळून ठेवशील आणि प्रत्येक भांडणात काढशील, मला माहीत आहे.

एकवीसला पहिल्या बसने या. दोघं. कोदो ती तिकडून शिजवून आणेल की इथे येऊन शिजवेल, तिला विचार. इथे शिजवणार असेल तर अंगणात तीन विटा मांडून ठेवीन, गॅसवर तिला ती चव यायची नाही. भंतेजींच्या पंगतीत तिचं भांडं मधोमध राहील. समाजातल्या कोणी नाक मुरडलं तर मी आहे. लोकांना नावं ठेवायला माझ्याइतकं कोणाला येते? आणि नोंदणीला साक्षीदार लागतात म्हणे. कागद घेऊन अंजान लोकांना शोधत फिरू नको.

डबा भरून पाठवते आहे. वडाभात केला, आईसारखा. तेल कमी घातलं, तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी. डबा तिच्या हातात दे, कट्ट्यावर ठेवून देऊ नको. खाल्ल्यावर ती काय म्हणते ते मला कळव. नावं ठेवली तरी चालेल. खाऊन ठेवू दे म्हणा.

आणि तिला सांग, चटणी चांगली होती. कोदोही ठीक.

दाळीत मीठ कमी होतं.

तुझी
कुसुम